पश्चिमेकडची भिंत

आमच्या घराच्या तीन भिंती उघड्या चिऱ्याच्या, तांबड्या होत्या आणि चौथी, समुद्राकडची, चुन्याने पांढरी केलेली. पाहुणा पहिल्यांदा घरी आला की त्याला वाटायचं, चुना कमी पडला असणार. तसं नव्हतं. घर खाडीच्या दक्षिण अंगाच्या टेकडीवर होतं, आणि खाडीत शिरणाऱ्या होड्या त्या भिंतीकडे बघून आत यायच्या. उजव्या हाताला आमची भिंत, डाव्या हाताला पलीकडच्या टेकडीवरचं देऊळ, या दोन पांढऱ्यांच्या मधोमध खोल पाणी. दर वर्षी पाऊस पुरता सरला की दसऱ्याच्या सुमाराला खालच्या वाडीतून शिंपल्यांचा चुना वर यायचा. तो भिजवायचा, त्यात डिंक घालायचा, आणि अण्णा म्हणजे माझे वडील स्वतः शिडीवर चढून हात मारायचे. चुन्यात नीळ घालायची नाही असा नियम होता. नीळ घातली की भिंत लांबून आभाळात मिसळते म्हणे. चुना वाळला की पुढच्या खेपेला प्रत्येक होडीतून आमच्याकडे मासळी यायची. तिला आम्ही भिंतीचा वाटा म्हणायचो. आईच्या लेखी वर्षाची सुरुवात पाडव्याला होत नसे, त्या दिवशी होत असे. बांगडे, सौंदाळे, एखाद्या वर्षी मोठी सुरमई. अंगणात खवल्यांचा चिखल व्हायचा, मांजरांना सुस्ती यायची, आणि तिरफळं घातलेल्या कालवणाचा वास पुस्तकांच्या खोलीत शिरू नये म्हणून अण्णा दाराला पंचा लावून बसायचे.

पुस्तकांच्या खोलीबद्दल आधी सांगायला हवं. अण्णा रत्नागिरीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. दिवसभर खिडकीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे पुकारायचं, हे त्यांचं काम. घरातही ते तसेच बोलायचे. "शालू, जेवायला, मधल्या घरात," असं म्हणाले की आई म्हणायची, "गाडी सुटायच्या आत ये बाई." मात्र या माणसाला नाद होता तो समुद्राचा, आणि तोही छापलेल्या समुद्राचा. जुनी नौकानयनाची पुस्तकं, किनाऱ्याची वर्णनं, दीपगृहांच्या याद्या, उलटून गेलेल्या वर्षांची भरती-ओहोटीची कोष्टकं, चिरमुटलेले नकाशे. एक गुजराती पुस्तक होतं, जहाजावरच्या तांडेलांसाठी लिहिलेलं. ते अण्णांना वाचता येत नसे, पण आकडे तर सारखेच, असं म्हणून त्यांनी ते ठेवलं होतं. खात्याचा पास असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी ते मंडणगडपासून राजापूरपर्यंत कुठेही जाऊन यायचे. रद्दीची दुकानं, मोडीत निघालेल्या कचेऱ्या, वकिलांचे माळे. गंमत अशी, की त्यांना बोट लागायची. तरीतून पलीकडच्या तीरावर जायचं तरी लिंबू हुंगत जायचे.

पुस्तकं खोबरेलाच्या रिकाम्या डब्यांत असत, वेखंडाच्या कांड्या घालून. पावसाळ्यात खोलीत शेगडी धुमसत ठेवायची, आणि उघडीप मिळाली की सगळं अंगणात उन्हात. त्याच अंगणात आईची कोकमं. मे महिन्यात एका रांगेत कोकमं आणि शेजारच्या रांगेत पुस्तकं असा आमचा संसार वाळत पडलेला असे. माझ्याकडे असलेल्या एका नकाशावर आजही जयगडच्या वर तांबडा डाग आहे. ती छपाई नाही, ते कोकम आहे. माझं इंग्रजी या पुस्तकांवर झालं. अण्णा बोट ठेवत सावकाश वाचायचे, मी भरभर. खोली मोजायच्या वावांचे फूट, फुटांचे मीटर मी तोंडी करायची. शाळेत 'माझे गाव' या निबंधात मी गावच्या नांगर टाकण्याच्या जागेची खोली आणि तळाचा प्रकार लिहिला. बाईंनी खाली लिहिलं, 'विषयांतर'.

अण्णांच्या या धावपळीला एक कारण होतं. ते लहान असताना त्यांच्या आजोबांनी सांगितलं होतं की फार पूर्वी एक साहेब पितळेचं यंत्र घेऊन आला होता. ओटीवर बसला, शहाळं प्यायला, यंत्राला डोळा लावून समुद्राकडे बघितलं आणि वहीत काहीतरी टिपून गेला. "आपलं घर छापलेलं आहे," अण्णा म्हणायचे. "कुठल्या पुस्तकात ते तेवढं शोधायचं." त्यांना मिळालेल्या प्रत्येक पुस्तकात आमची खाडी होती, देऊळ होतं, खाडीच्या तोंडाबाहेरचं पाण्यात बुडालेलं खडप होतं. घर नव्हतं. तरी प्रत्येक नवीन पुस्तक हाती आलं की ते हातपाय न धुता, चहा न घेता आमचं पान उघडायचे. मी त्यांच्या खांद्यावरून बघायची. मग ते पुस्तक मिटायचे आणि लगेच पायात चपला सरकवून उगाच अंगणात येरझाऱ्या घालायचे. त्या चपलांचा आवाज मला अजून ऐकू येतो. माणूस घरात असून घरात नाही, असा तो आवाज होता.

मी कॉलेजात जायला लागले त्या पावसाळ्याच्या शेवटी राजापूर गाडीचा कंडक्टर खिडकीशी येऊन अण्णांना म्हणाला, "मी जिथं जेवतो ना, त्या काकूंच्या लोणच्याच्या बरणीवर एक जाडजूड पुस्तक आहे. वर नांगराचं चित्र आहे. तुमच्या कामाचं आहे का बघा." पुढच्या रविवारी अण्णा मला घेऊन निघाले. मला न्यायचं कारण माझं इंग्रजी. खिडकीशी बसून ते हातखंब्यापासून गुडघा हलवत होते, तो राजापूरचा उतार लागेपर्यंत हलत होता.

काकू साठीच्या, बारीक, तोंडाने तिखट. अर्जुना नदीकडच्या आळीत त्यांची चार पानांची खानावळ होती. सासरे कधीकाळी किनाऱ्याच्या आगबोटीवर कारकून होते, त्यांचं ते पुस्तक. बरणीच्या तोंडावर फडकं, फडक्यावर दगडी झाकण आणि झाकणावर ते पुस्तक. पुठ्ठ्याला तेलाचा आणि हिंगाचा वास.

"न्या की," काकू म्हणाल्या. "पण माझी बरणी उघडी टाकून नाही जायचं. एवढ्याच वजनाचं काहीतरी आणून द्या. हलकं झालं तर लोणचं वर येतं, जड झालं तर झाकण फुटतं. मागे एकदा फुटलंय."

अण्णांनी हे अगदी मनावर घेतलं. ते पुस्तक घेऊन समोरच्या वाण्याकडे गेले आणि तागडीच्या एका पारड्यात ठेवलं. मग मी आणि ते नदीवर उतरलो. पात्रातले गोटे हातात घेऊन अण्णा तोलून बघत होते, मी पदरात, म्हणजे ओढणीत, भरत होते. वाणी वैतागला. "अहो साहेब, मी इथे साखर जोखतो, नदी नाही." शेवटी एक काळा, अंड्यासारखा गोटा काट्यावर बरोबर बसला. काकूंनी तो धुऊन झाकणावर ठेवला, दोनदा हलवून बघितला आणि म्हणाल्या, "हा बरा आहे. याला कसर लागायची नाही."

त्यांच्याच ओटीवर बसून अण्णांनी आमचं पान काढलं आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. त्यांचा चष्मा घामाने भरला होता. मी वाचायला लागले आणि पहिल्याच ओळीत घर सापडलं. दक्षिण टेकडीवरचं पांढरं घर. अण्णांनी माझा हात धरला. मी पुढे वाचत गेले, आणि वाचताना सावकाश होत गेले. लिहिलं होतं ते असं, की दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजाला हे घर देवळाच्या आधी दिसतं, देऊळ तेव्हा टेकडीआड असतं. घरालाच देऊळ समजून जहाजं लवकर वळतात आणि खडपावर जातात. म्हणून या घरावर विसंबू नये.

"परत वाच," अण्णा म्हणाले. मी परत वाचलं. काकू ताटं मांडत होत्या. "काय, सापडलं का घर?" त्यांनी विचारलं. "सापडलं," अण्णा म्हणाले, आणि जेवायला बसले. जेवले मात्र नाहीत.

परतीच्या गाडीत त्यांचा गुडघा हलत नव्हता. मला ते जास्त अवघड वाटलं.

दसरा आला. चुना वर आला, पिंपात भिजून फुगला, त्यावर साय धरली. अण्णा शिडी काढेनात. भिंत पावसाने काळी झालेली, शेवाळाचे ओघळ उतरलेले.  बाजारातून विकतची मासळी आणायची वेळ आली, तेव्हा आई बोलली. "अहो, त्या साहेबाला काय कळतंय? शहाळं प्यायला आपलं आणि लिहून गेला हे!"

"त्यानं बघून लिहिलंय," अण्णा म्हणाले. "माझ्या भिंतीमुळे कोणी बुडणार असेल तर मी ती रंगवायची कशी?"

मग बाळा तांडेल आला. खालच्या वाडीतला सगळ्यांत जुना होडीवाला तो. अण्णांहून वडील, पण त्यांना मान द्यायचा. ओटीच्या पायरीवर बसला, तंबाखू मळली.

"काय वो अण्णानू, यंदा भिंत आंघोळ करणार नाय काय?"

अण्णांनी पुस्तक आणून दाखवलं. मी मराठीत सांगितलं. बाळाने ऐकून घेतलं, पुस्तकाचा वास घेतला. "लोणच्यात काढलंय काय हां?" मग म्हणाला, "माज्या बापानं ती भिंत धरली, मी धरतो. परवा संध्याकाळचा येत होतो, उजव्या हाताला नुसता काळोख. देऊळ एकटं दिसतंय, पण त्याच्यापासून किती लांब ऱ्हायचं ते कसं कळायचं? तुमच्या पुस्तकवाल्यानं माज्या होडीत बसून बगितलं होतं काय?"

"नाही. तो दक्षिणेकडून आला होता."

"मंग? आमी कोण दक्षिणेकडनं येतो? आमची मासळी तिकडं नाय."

"पण कोणीतरी येत असेल," अण्णा म्हणाले.

"मंग बगा जाऊन," बाळा उठत म्हणाला. "उद्या येतो होडी घेऊन. लिंबं घ्या सोबत."

मला वाटलं, अण्णा नाही म्हणतील. ते उठले आणि खोलीत जाऊन होकायंत्र पुसायला लागले.

बेत असा ठरला. भिंत काळी होती, तर बघायचं कसं? आई म्हणाली, मी चादरी लावते. वळचणीखाली दोरी बांधायची, तिच्यावर घरातलं सगळं पांढरं टांगायचं. आम्ही होडीतून लाल पंचा वर केला की तिने चादरी काढायच्या, पंचा खाली घेतला की परत लावायच्या. "सगळ्या वाडीला कळणार आपल्याकडे किती चादरी आणि किती फाटक्या ते," एवढंच ती म्हणाली आणि धोतरं मोजायला घेतली.

सकाळी समुद्र गुळगुळीत होता. तरी खाडीचं तोंड ओलांडलं आणि अण्णा काठावर ओणवे झाले. बाळाने इंजिन ठेवलं तसंच चालू. आम्ही बाहेर गेलो, मग दक्षिणेला, इतकं लांब की आमची टेकडी म्हणजे नुसता एक उंचवटा झाला. मग वळून किनाऱ्या-किनाऱ्याने उत्तरेकडे यायला लागलो. अण्णांच्या हातात होकायंत्र होतं, ते त्यांनी माझ्याकडे दिलं. त्यांना सुई दिसत नव्हती. मी पुस्तक मांडीवर धरून बसले होते आणि काही केल्या मन एका जागी राहात नव्हतं. घर चुकीचं ठरावं की पुस्तक, हेच मला ठरवता येईना. तेवढ्यात टेकडीच्या खांद्यावर काहीतरी पांढरं चमकलं.

"आलं देऊळ," बाळा म्हणाला, आणि त्याचा हात सुकाणूवर वळला.

मग त्याने मान पुढे काढून बघितलं. मीही. देऊळ अजून टेकडीच्या आड होतं. समोर दिसत होत्या त्या आमच्या चादरी. आणि होडीच्या वळलेल्या नाकाच्या पुढे पाणी एका जागी उगाच पांढरं होत होतं. तेच खडप. बाळाने सुकाणू परत सरळ केलं. जन्म त्या खाडीत गेलेला माणूस, पण या बाजूने घराकडे त्याने कधी बघितलंच नव्हतं. अण्णांनी ओणव्यानेच विचारलं, "काय म्हणाला तो?"

"देऊळ म्हणाले," मी सांगितलं.

अण्णांनी मान हलवली आणि पुन्हा काठावर टेकवली. आपलं खरं झालं याचा आनंद करायला त्यांच्यात जीव नव्हता.

मी पंचा वर केला. चादरी उतरल्या. टेकडी एकदम रिकामी झाली. आम्ही खडपाला वळसा घालून पश्चिमेला आलो आणि आत शिरायला लागलो. डाव्या हाताला देऊळ लख्ख, उजव्या हाताला नुसतं गवत आणि काजूची झाडं.

"आता तुमी सांगा अण्णानू," बाळा म्हणाला, आवाज मघापेक्षा खूप खाली. "उजव्या हाताला काय धरू?"

 मी पंचा खाली घेतला. टेकडीवर आईची धावपळ इथून मुंगीएवढी दिसत होती. वारा सुटला होता. एक चादर सुटून काजूत गेली. ती काढायला वेळ नव्हता, म्हणून आईने त्या फटीत हाताला लागलं ते टांगलं. ती घोंगडी होती, काळी.

"ते काय मधेच काळं?" अण्णा डोक्यावर पाणी मारत म्हणाले.

आणि मग ते उभे राहिले. बोट लागणारा माणूस भर होडीत उभा राहिला, बाळाने त्यांचा सदरा पकडला. "बाळा, ते देऊळ वाटतंय का? आता बघ. वाटतंय का देऊळ?"

बाळाने डोळे बारीक केले. "पांढऱ्यात काळा पट्टा. छे. हां तर तुमचाच घर."

"परत दक्षिणेला घे."

"अण्णानू, मरशाल तुमी."

"घे."

आम्ही परत गेलो. टेकडीच्या खांद्यावर पांढरं आलं, त्यात काळा पट्टा, आणि कोणीही देऊळ म्हणालं नाही. खाली उतरल्यावर अण्णा वाळूत आडवे झाले. आई वरून धापा टाकत आली. तिला वाटलं, आपल्या घोंगडीमुळे घोळ झाला. "अहो, चादर उडाली तर मी काय करू? तुम्हीच म्हणालात लवकर लावा." अण्णा पडल्या-पडल्या हसायला लागले. मला आठवतं तेवढं, त्यानंतर ते तसे हसले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी शिडी निघाली. भिंत अण्णांनी पांढरी केली आणि मधला उभा पट्टा बाळाने होडीच्या डांबराने ओढला, ओळंबा लावून, कारण अण्णा पट्टा वाकडा खपवून घेईनात. मासळी आली. खवले उडाले. मांजरं झोपली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. आई तर समजत होती की संपली. पण पुढच्या सुट्टीला अण्णांच्या चपला पुन्हा वाजायला लागल्या. घर सापडलं होतं, आता ते वेगळंच काही शोधत होते: पट्टा नसताना आमच्या भिंतीने कोणाला खडपावर घातलं का. पुस्तकात 'जहाजं लवकर वळतात' असं होतं. कुठली? बुडालेल्या जहाजांच्या याद्या, जुने अहवाल, जे मिळेल ते घरी यायला लागलं. खोबरेलाचे डबे दुप्पट झाले. आई म्हणाली, "अहो, झालं ते झालं."

"झालं की नाही तेच तर कळत नाही," अण्णा म्हणाले.

ते कळायच्या आधीच ते गेले. आमच्या खाडीसमोर बुडालेलं एकही जहाज त्यांच्या पुस्तकांत नव्हतं. पण लिहिलेलं नाही म्हणजे घडलं नाही, असा हिशेब ते कधीच करत नसत. मीही करत नाही.

मी आता रत्नागिरीत राहते, हिशेबाची नोकरी करते, आणि जुनी पुस्तकं कुरिअरने मागवते. ह्यांनी लग्नानंतर पहिल्या वर्षी विचारलं होतं, हे सगळं कुठे ठेवणार. आता विचारत नाहीत. दसऱ्याला आम्ही टेकडीवर जातो. बाळाच्या नातवाच्या होडीवर यंत्राचा पडदा आहे, त्यात खाडी, खडप, खोली सगळं दिसतं. तरी त्याचा फोन येतो: "शालूआत्या, भिंत कधी?" मी एकदा त्याला विचारलं, तुला आता भिंत कशाला? तो म्हणाला, "पडदा बगतो, पण घरी आल्यासारखं भिंत बगून वाटतं." पट्टा तोच ओढतो. ओळंबा मी धरते.

यंदा घरातून निघायच्या दिवशीच एक पुस्तक आलं, राजापूरच्या पुस्तकाहून बरंच जुनं. मी ते न उघडता पिशवीत टाकलं. आधी भिंत, असं मनाला बजावलं. पण पहिला हात वाळेपर्यंत धीर निघाला नाही. अंगणात नळाखाली चुन्याचे हात धुतले, पदराला पुसले आणि ओटीवर बसून आमचं पान काढलं. खाडी होती. देऊळ होतं. खडप होतं. घर नव्हतं. म्हणजे तेव्हा भिंत पांढरी नव्हती; किंवा होती, आणि तोवर कोणी फसलं नव्हतं; किंवा फसलं होतं आणि सांगायला कोणी उरलं नव्हतं.

"सापडलं काय?" शिडीवरून बाळाच्या नातवाने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. चपला पायात सरकवल्या आणि अंगणाच्या कडेला जाऊन दक्षिणेकडच्या पाण्याकडे बघत उभी राहिले. दुसरा हात मारायच्या आधी मी मोबाईल काढला आणि या दोन पुस्तकांच्या मधल्या काळातलं एखादं पुस्तक मिळतं का ते बघायला लागले.